श्वान तिथेच घुटमळले

मराठवाड्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं जिल्हा पान उघडा. घरफोडीची बातमी असेल, तर तिचा शेवट वाचायच्या आधीच तुम्हाला पाठ असतो. श्वान पथक आणि ठसेतज्ज्ञांना पाचारण करण्यात आले. श्वानाने मुख्य रस्त्यापर्यंत माग काढला, मात्र पुढे ते तिथेच घुटमळले. गाव सेलू असो, जिंतूर असो की गंगाखेड. फुटलेलं दुकान सराफाचं असो की कृषी केंद्र, वाक्य तेच. लोक हसतात आणि पान उलटतात. कुत्रं आलं, हुंगलं, गेलं.

या वाक्यातला ‘श्वान’ हा शब्द बघण्यासारखा आहे. आपल्या भाषेनं कुत्र्याला फारसं बरं वागवलेलं नाही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं, कुणाचे हाल कुत्रं खात नाही, वाईट मरण म्हणजे कुत्र्याची मौत. पण तोच प्राणी पोलिसांच्या गाडीतून उतरला की बातमीत त्याचा एकदम संस्कृत ‘श्वान’ होतो. भरती झाली की भाषा बदलते. खंडोबासोबतचं कुत्रं, दत्ताच्या पायाशी बसलेली चार कुत्री, आणि कोरडी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव एवढेच काय ते अपवाद. नामदेवांचं नरसी आज हिंगोलीत आहे, पण १९९९ पर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होतं, तेव्हा या गोष्टीवर थोडा हक्क परभणीचाही.

माग काढणाऱ्या कुत्र्याची आपल्याकडची पहिली गोष्ट फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सरमा नावाची कुत्री आहे. पणींनी गाई पळवून दडवून ठेवल्यात आणि इंद्रानं तिला शोधायला पाठवलंय. ती रसा नदी ओलांडते, जागा शोधून काढते आणि चोरांसमोर उभी राहते. चोर तिला फितवायचा प्रयत्न करतात: आमची बहीण हो, गाईंतला वाटा घे. ती नकार देते. आजच्या भाषेत सांगायचं तर चोरीचा माल शोधणारं पहिलं श्वान, आणि तेही लाच नाकारणारं. महाभारतात सरमा पुन्हा भेटते, आदिपर्वात. जनमेजयाच्या यज्ञात तिच्या पिल्लाला काही कारण नसताना मार बसतो आणि ती जाब विचारायला येते. त्याचा अपराध काय, या तिच्या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नसतं. कुत्र्याकडून काम घेणं आणि कुत्र्याला न्याय देणं, या दोन गोष्टी आपल्याकडे तेव्हापासून वेगवेगळ्या चालत आल्यात.

पण जुन्या राजांना दुसरी गोष्ट अगदीच जमत नव्हती असं नाही. दहाव्या शतकात मराठवाड्यावर राष्ट्रकूटांचं राज्य होतं. त्यांचा राजा तिसरा कृष्ण यानं ९४९ च्या सुमारास तक्कोलमच्या लढाईत चोळांचा पराभव केला. त्याच्या बाजूनं लढलेला गंग राजा बुतुग आपल्या मणलेर नावाच्या वीरावर खूश झाला आणि म्हणाला, माग काय हवं ते. मणलेरनं ‘काळी’ नावाची कुत्री मागितली. पुढे ती एका रानडुकरावर सोडली गेली. दोघंही झुंजीत मेले. तिच्यासाठी आतकूरला, आजच्या मंड्या जिल्ह्यात, कोरीव दगड उभारला गेला, त्याला जमीन लावून दिली, आणि पुजाऱ्यानं या दगडाची पूजा केल्याशिवाय जेवू नये अशी अटही कोरून ठेवली. आज तो दगड बंगळुरूच्या संग्रहालयात आहे. कुत्रीच्या नावानं जमीन, आणि ती राखण्यासाठी पुजाऱ्याच्या जेवणावर अट. हे नुसतं कौतुक नाही, सोय आहे.

दुसरं उदाहरण साताऱ्याचं. छत्रपती शाहूंच्या एका आवडत्या कुत्र्यानं वाघाच्या शिकारीत त्यांचा जीव वाचवला होता. ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात लिहून ठेवलंय की शाहूंनी त्या कुत्र्याला सनद करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला. पालखीचा लवाजमा खरोखर चालवला जात होता. लोक त्याला खंड्या म्हणतात आणि संगम माहुलीला त्याची समाधी दाखवतात. डफ हे सगळं राजाची लहर म्हणून सांगतो, आणि त्याच दमात शाहूंनी भर दरबारात आपली पगडी कुत्र्याच्या डोक्यावर ठेवल्याचाही किस्सा देतो. पगडीचं जाऊ द्या. पण जीव वाचवणाऱ्याच्या पोटापाण्याची कायमची तजवीज करण्यात लहर ती कसली? माणसाला दिली असती तर डफनं तिला इनाम म्हटलं असतं.

आजचं पोलीस कुत्रं या परंपरेतून आलेलं नाही, ते युरोपातून आलं. बेल्जियमच्या गेंट शहरात १८९९ मध्ये पोलिसांसाठी कुत्री पद्धतशीर शिकवायला सुरुवात झाली. त्याच वर्षी जर्मनीत माक्स फॉन श्टेफानित्स यानं जर्मन शेफर्ड ही जात नोंदवली. डॉबरमनही जर्मनच. आपोल्डा गावातल्या लुई डॉबरमन या करवसुली करणाऱ्या माणसानं आपल्या राखणीसाठी ती तयार केली, आणि जातीला नाव त्याचंच पडलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं अभिमानानं सांगणाऱ्या जिल्ह्यात चोराच्या मागावर जर्मन कुत्रं यावं, हा योगायोग कुणाच्या लक्षात कसा आला नाही कोण जाणे.

जर्मनीतच याची दुसरी फांदी फुटली. पहिल्या महायुद्धात आंधळ्या झालेल्या सैनिकांना वाट दाखवण्यासाठी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला कुत्री शिकवणारी शाळा निघाली, आणि १९२९ मध्ये अमेरिकेत ‘द सीइंग आय’ सुरू झाली. तिकडे आज ‘सर्व्हिस डॉग’ म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते हेच: अंध माणसाच्या हाताशी चालणारं, दुकानात, बसमध्ये, वर्गात हक्कानं जाणारं कुत्रं. आपल्याकडे ही फांदी रुजली नाही. फूटपाथ नसलेला रस्ता, चौकाचौकातल्या मोकाट कुत्र्यांची टोळी, आणि कुत्र्याला आत घेऊ न देणारं हॉटेल, या तिन्हींतून वाट काढायला चांगल्यातल्या चांगल्या कुत्र्यालाही अवघड जाईल. त्यामुळे आपल्याकडे सेवेतलं कुत्रं म्हणजे खाकीतलंच.

मुंबई पोलिसांचं श्वान पथक डिसेंबर १९५९ मध्ये सुरू झालं, तीन डॉबरमन घेऊन: कुमार, बिंदो आणि राजा. पुढे पुण्यात शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र राज्यासाठी कुत्री घडवू लागलं. जिल्ह्याजिल्ह्यात पथकं आली, परभणीतही आलं.

प्रशिक्षण म्हटलं की आपल्याला शिस्त, शिट्टी आणि कवायत आठवते. खरं तर ते एका खेळावर उभं असतं. पिल्लाला चेंडू किंवा गुंडाळलेला टॉवेल प्रिय होतो. मग त्या खेळण्याशी एक वास जोडला जातो. वास सापडला की खेळणं मिळतं, एवढंच त्याला कळतं. बाँब, चोर, कायदा हे सगळं माणसांचं. त्याच्यासाठी आयुष्यभर तो एकच खेळ चालू असतो. स्फोटकं शोधणाऱ्या कुत्र्याचं शिक्षण साधारण सहा महिन्यांचं, माग काढणाऱ्याचं त्याहून लांब, नऊ महिन्यांच्या आसपास. स्फोटकाचा वास लागला की भुंकायचं नाही, पंजा मारायचा नाही, गुपचूप खाली बसायचं. कारण पंजा मारला तर पुढचं सांगायला कुणी उरणार नाही. अनोळखी माणसाच्या हातून खायचं नाही हेही शिकवावं लागतं. चोराला विषाची पोळी टाकणं सोपं असतं.

या शाळेत कुत्रं एकटं जात नाही. सोबत त्याचा हँडलर असतो, कागदावर ‘श्वान हस्तक’. सहसा एका कुत्र्याला दोन. नापास झाली तर जोडी नापास होते. सकाळी फिरवणं, ब्रश करणं, कानात बोट घालून बघणं, पंजांच्या बोटांमधून गोचीड काढणं, हे सगळं त्याच्याकडे. मराठवाड्यात गोचीड ही क्षुल्लक गोष्ट नाही. तिच्यामुळे होणारा ताप धडधाकट कुत्र्याला आठवड्याभरात आडवं करतो. आणि कुत्र्याचं आजारपण पहिल्यांदा दिसतं ते वासात. नाक मंदावलं की हँडलरला कळतं, डॉक्टरांना नंतर. जनावरांच्या डॉक्टरांच्या बाबतीत मात्र परभणीची सोय बरी आहे. इथलं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासून आहे. ते उभं राहिलं गाई-म्हशी आणि बैलांच्या या मुलखासाठी, पण दारात कुत्रं आलं तर त्याला कुणी परत पाठवत नाही.

आता त्या ‘घुटमळण्या’कडे येऊ. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात, कुत्र्याच्या नाकात वीस कोटींच्या पुढे. चालताना आपल्या अंगावरून त्वचेचे बारीक कण सतत गळत असतात, शिवाय पायाखालची माती आणि गवत चिरडलं जातं. कुत्रं माग काढतं ते या मिश्रणाचा. दव पडलेल्या पहाटे काळ्या मातीत हा वास टिकतो. मे महिन्यात दुपारी, पारा चव्वेचाळीसवर असताना, डांबरावर तो उडून जातो. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, ते धापा टाकून अंग थंड करतं. आणि धापा टाकणारं कुत्रं नीट हुंगू शकत नाही. एकाच तोंडा-नाकानं दोन कामं कशी करणार? त्यात चोरी उघडकीला येते सकाळी. पथक पोहोचेपर्यंत अर्धं गाव दार, खिडकी, कपाट बघून गेलेलं असतं, आणि प्रत्येकानं आपापला वास तिथे ठेवलेला असतो.

एवढं होऊनही कुत्रं मुख्य रस्त्यापर्यंत जातं आणि तिथे गोल फिरू लागतं, तेव्हा ते हरलेलं नसतं. माग इथे संपला, असं ते सांगत असतं. म्हणजे माणूस इथे गाडीवर बसला. म्हणजे गाडी इथे उभी होती, कदाचित दुसरा माणूस तिच्यावर थांबलेला होता. म्हणजे बघा, या ठिकाणावर कुणाच्या दुकानाचा कॅमेरा आहे का. चांगला तपास अधिकारी तिथून पुढे कामाला लागतो. बातमी मात्र तिथेच संपते.

न्यायालयांनाही या साक्षीचं काय करायचं हा प्रश्न पडलाच. महाराष्ट्रातून गेलेल्या एका खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं त्याचा ऊहापोह केला. कुत्रं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होऊ शकत नाही. त्याच्या वतीनं बोलतो तो त्याचा माणूस, मग ही ऐकीव साक्ष नाही का? आणि माणसाचं आयुष्य, स्वातंत्र्य कुत्र्यानं काढलेल्या निष्कर्षावर टांगून ठेवायचं का? असा पुरावा चालतो की नाही, यावर शेवटचा शब्द न देता न्यायालयानं एवढं म्हटलं की तो धरला तरी त्याला फार वजन देता येणार नाही. मला हे बरोबर वाटतं. कुत्रं खोटं बोलत नाही, पण ते काय म्हणालं हे सांगणारा माणूस चुकू शकतो, घाई करू शकतो, आणि कुणाला अडकवायचं असेल तर कुत्र्याच्या तोंडी काहीही घालू शकतो. कुत्र्यानं दिशा दाखवावी, दोष माणसांनी सिद्ध करावा.

स्फोटकांचं तसं नाही. तिथे साक्ष लागत नाही, वस्तूच हाती येते. दर मार्चमध्ये तुमच्या व्हॉट्सॲपवर एक फोटो येत असेल: फुलांखाली झाकलेलं एक लॅब्रॅडॉर, आणि त्याच्यासमोर वाकून पुष्पचक्र वाहणारा पोलीस अधिकारी. तो झंजीर. जन्म जानेवारी १९९२, शिक्षण पुण्याच्या त्याच केंद्रात, आणि डिसेंबर १९९२ च्या अखेरीस मुंबईच्या बाँबशोधक-नाशक पथकात दाखल. अडीच महिन्यांत, १२ मार्च १९९३ ला, मुंबईत बारा स्फोट झाले आणि २५७ माणसं गेली. त्यानंतरच्या दिवसांत आणि महिन्यांत या वर्षभराच्या कुत्र्यानं जे शोधलं त्याची नोंद अशी आहे: ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबाँब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं. न फुटलेल्या बाँबमध्ये किती माणसं वाचली, याचं गणित कुणालाच मांडता येत नाही.

झंजीर अपवाद होता, हेही लक्षात ठेवायला हवं. स्फोटकं शोधणारी बहुतेक कुत्री आयुष्यभर रोज शोधतात आणि त्यांना काहीच सापडत नाही. मंत्र्यांचं हेलिपॅड, रेल्वे स्टेशन, तुराबुल हक दर्ग्याचा उरूस, गणपतीची मिरवणूक. शोधा, काही नाही. पुन्हा शोधा, काही नाही. आपल्याला हवं असतं ते हेच. पण कुत्र्याला त्याचं खेळणं मिळत नाही, आणि रोज हरणारा खेळ कुठलंही पोर सोडून देतं. म्हणून हँडलर सरावाचे नमुने स्वतःच लपवतो, कुत्र्याला ते शोधू देतो आणि मग जग जिंकल्यासारखं त्याचं कौतुक करतो. हे नाटक बंद पडलं की नाक बोथट होतं. आणि ज्या दिवशी खरंच काही असतं तो दिवस सांगून येत नाही. परभणीच्या मोहम्मदिया मशिदीत २१ नोव्हेंबर २००३ ला स्फोट झाला, तेव्हा बाँब म्हणजे मुंबईची गोष्ट हा समज या जिल्ह्यातही संपला.

अलीकडे विचारलं जातं, परदेशी जाती कशाला? उन्हात धापा टाकणाऱ्या लॅब्रॅडॉरपेक्षा आपलं कारवान बरं नाही का? लातूर जिल्ह्यातलं जानवळ कारवान आणि पश्मी कुत्र्यांसाठी प्रसिद्ध आहे, ते काही परभणीपासून फार लांब नाही. मुधोळ हाउंडला सैन्यानं हाताशी घेऊन पाहिलं, २०२० मध्ये या जातीची राष्ट्रीय नोंदही झाली. प्रश्न रास्त आहे, उत्तर तेवढं सरळ नाही. कारवान हे नजरेनं शिकार करणारं, वाऱ्यासारखं धावणारं कुत्रं. ऊन त्याला झेपतं, थोडक्यात भागतं, पण ससा दिसला की त्याला हुकूम ऐकू येत नाही. लॅब्रॅडॉर खादाड, खेळकर, कुणालाही खूश करायला तयार. म्हणून शिकवायला सोपं. गस्तीला आणि राखणीला कारवान उत्तम ठरेल. बॅगांच्या रांगेत तासभर एकेक बॅग हुंगायला ते राजी होईल का, हे पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनच कळेल.

झंजीर १६ नोव्हेंबर २००० ला परळच्या जनावरांच्या दवाखान्यात हाडांच्या कर्करोगानं गेला. वय नऊसुद्धा पूर्ण नव्हतं. त्याला मानवंदना मिळाली, कारण तो सेवेत असताना गेला. जे सेवा संपल्यावर जगतात त्यांचं काय? आठ-दहा वर्षांचं कुत्रं म्हणजे थकलेले सांधे, अधू डोळे आणि मंदावलेलं नाक. त्याच्या पिंजऱ्यात नवं पिल्लू यायचं असतं, हँडलरला त्या पिल्लासोबत प्रशिक्षणाला जायचं असतं. हँडलरनं ते घरी न्यावं म्हटलं तर पोलीस वसाहतीतल्या दोन खोल्यांत आणखी तीस किलोचा एक जीव, त्याचं खाणं, त्याची औषधं. मायेची कमतरता नसते, जागेची असते. सैन्यात तर याहून कठोर रीत होती. काम न करू शकणाऱ्या कुत्र्यांना मारलं जातं, हे २०१५ मध्ये माहिती अधिकारातून बाहेर आलं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि सरकारला धोरण बदलण्याची तयारी दाखवावी लागली. एक हजार वर्षांपूर्वी काळीसाठी जमीन लावून देणाऱ्यांना हे सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मुंबईच्या पथकातली चार कुत्री कामावर होती: मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर. सीझरनं छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अतिरेक्यांनी मागे ठेवलेले हातबाँब शोधले. निवृत्तीनंतर या चौघांना विरारच्या एका प्राणिप्रेमी व्यक्तीच्या फार्मवर जागा मिळाली. सनद नव्हती, पालखी नव्हती. मोकळं अंगण होतं आणि चौघं एकत्र होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मॅक्स गेला, जूनमध्ये सुलतान, जुलैमध्ये टायगर. सीझर एकटा उरला. १३ ऑक्टोबरला, विरारलाच, हृदय बंद पडून तोही गेला, आणि त्याला तिरंग्यात गुंडाळून निरोप देण्यात आला.